टिंबवालीचं वर्ष

टिंबवालीने त्या वर्षी देवाकडे एकच गोष्ट मागितली, आणि ती म्हणजे जुन्या लॅबच्या मालकाचं वाटोळं.

आरोग्य मागितलं नाही, सुख मागितलं नाही. म्हाताऱ्या वडिलांचे गुडघे बरे कर, एवढंसुद्धा कधी म्हणाली नाही. रोज सकाळी मेणाचं भांडं मंद आचेवर ठेवायची, खिडकीकडे तोंड करून उभी राहायची, डोळे मिटायची आणि स्पष्ट शब्दांत सांगायची, "देवा, त्याला रडव. माझ्या डोळ्यांदेखत रडव. तेवढं कर, मग माझं काही म्हणणं नाही." मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लाल पेन्सिलीने फुली मारायची. आजचा अर्ज गेला, असा त्या फुलीचा अर्थ.

आज वर्षाचा शेवटचा दिवस. कॅलेंडर उतरवून तिने कामाच्या टेबलावर पसरलं होतं आणि एकेक पान उलटत बसली होती. नऊ महिने फुल्याच फुल्या, एक दिवस खाडा नाही. दहाव्या महिन्यातल्या एका मंगळवारी मात्र फुल्या एकदम थांबल्या होत्या. त्यापुढचे चौकोन कोरे. त्या कोऱ्या चौकोनांकडे पाहिलं की अजूनही तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

ती कवळ्या करायची. तोंडात बसवायच्या दातांच्या कवळ्या. सत्तावीस वर्षं तेच काम. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात आणि लॅबमध्ये पाठवतात. लॅबमध्ये त्या ठशात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा होतो, साच्यावर मेण, मेणात एकेक दात, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिकचा मसाला भरून तो उकळवायचा, घासायचा, चकचकीत करायचा. हे सगळं करणाऱ्याला पेशंट कधी दिसत नाही. टिंबवालीने हजारो लोकांना खायला दात दिले होते आणि त्यातल्या पाच-पंचवीस जणांचीही तोंडं पाहिली नव्हती. तिला जबडे माहीत. रस्त्याने जाताना माणूस ओळखू आला नाही तरी त्याची हिरडी समोर ठेवली असती तर तिने त्याची कुंडली सांगितली असती.

ज्या लॅबमध्ये ती बावीस वर्षं होती, तिथे एक पद्धत होती. प्रत्येक कारागिराने आपली खूण कवळीच्या मागच्या कडेला करायची. कुणाची आडवी रेघ, कुणाचा त्रिकोण. हिची तीन टिंबं, सुईच्या टोकाने पाडलेली. त्यावरून तिला सगळे टिंबवाली म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं. डॉक्टर लोक फोन करून सांगायचे, "टिंबांची द्या." मालकाला त्याचा फायदा होता, तोवर त्याने तिला डोक्यावर घेतलं.

मग मागच्या वर्षाच्या अखेरीस मालकाने एक घोळ केला. एक मोठी ऑर्डर त्याने स्वतःच्या हाताने करायला घेतली आणि घाईत मसाला अर्धाच वेळ उकळला. कच्च्या मसाल्याने तोंड सोलून निघतं. कवळ्या गेल्या आणि चार दिवसांत डॉक्टरांच्या दारात पेशंटची रांग लागली. गाल सुजलेले, जिभेला फोड. डॉक्टर चिडून लॅबमध्ये आले. त्यांनी कवळी उलटी केली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही खूण कुणाची?"

कवळीवर तीन टिंबं होती.

टिंबवालीने ती कवळी जन्मात पाहिली नव्हती. तिने मालकाकडे पाहिलं. मालकाने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो डॉक्टरांना म्हणाला, "वय झालं की हात राहत नाही हो. मी हिला किती सांभाळून घेतलं." तिने दाताच्या कण्या केल्या की ही टिंबं माझी नाहीत, माझी टिंबं एका ओळीत नसतात, मधलं थोडं खाली असतं. कोण ऐकतंय! नव्या वर्षाच्या दुसऱ्या तारखेला तिला दाराबाहेर काढलं. तिची हत्यारंसुद्धा दिली नाहीत.

त्या वेळी एकच माणूस उठलं. मालकाची बहीण. ती त्याच्याहून वर्षभराने मोठी, लग्न न केलेली, आणि लॅबमध्ये कवळ्या डबीत भरून त्यावर चिठ्ठी लावायचं काम करायची. तिला सगळे ताई म्हणायचे. भावासमोर तिचा आवाज कधी निघाला नाही, त्या दिवशीही निघाला नाही. पण टिंबवाली रस्त्याच्या वळणापर्यंत पोचली तेव्हा ताई मागून धापा टाकत आली आणि पदराआड लपवलेली एक वस्तू तिच्या हातात कोंबून गेली. ती टिंबवालीची मेण कापायची सुरी होती, लाकडी मुठीची, बावीस वर्षांत तिच्या अंगठ्याने झिजलेली.

टिंबवाली वडिलांच्या घरी आली. मागची खोली तिने कामाची केली. पण काम कुठे होतं? बातमी सगळ्या डॉक्टरांकडे तिच्या आधी पोचली होती. चार महिने ती पायऱ्या झिजवत हिंडली. जिथे पूर्वी बसायला खुर्ची मिळायची तिथे लोक दारातूनच "कळवतो" म्हणायचे. शेवटी पाचव्या महिन्यात एका नव्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक कवळी करायला दिली, ती पाहिली, आणि मग दुसरी दिली. चूल पेटती राहिली. पोटातली आगही.

वडील पोस्टात होते. उभा जन्म पत्रं निवडण्यात गेला होता, आणि जगातल्या कुठल्याही भानगडीकडे ते टपाल म्हणूनच बघायचे. वय ऐंशी, कान तिखट, तोंड त्याहून तिखट. लेकीचं रोजचं मागणं ते बाहेरच्या खोलीतून ऐकायचे.

"गेलं का आजचं पत्र?" ते विचारायचे.

"गेलं."

"काय लिहिलंस?"

"तेच."

"रोज तेच पत्र आलं की आम्ही बाजूला ठेवायचो. म्हणायचो, कुणीतरी डोक्याने कमी आहे."

"बाबा, तुम्ही देव नाही आहात."

"नाही, पण खात्यात होतो," म्हातारा म्हणायचा आणि कवळी हलवून हसायचा.

ती कवळी लेकीनेच केलेली. कामाला लागली त्या वर्षी शिकताना केलेली पहिली. तिने किती वेळा म्हटलं, नवी करून देते. म्हातारा ऐकायचा नाही.

नवव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंकडून एक ठसा आला. चिठ्ठीवर फक्त आडनाव आणि वय, नेहमीसारखंच. आडनाव मालकाचं. वय त्रेसष्ट.

टिंबवालीने प्लास्टर ओतलं, घट्ट व्हायची वाट पाहिली, साचा सोडवला आणि उजेडात धरला. टाळूच्या मधोमध एक हाडाची गाठ होती. लांबट, मागच्या टोकाला थोडी दुभंगलेली. अशी गाठ शंभरात एखाद्याला असते आणि दोन गाठी सारख्या नसतात. ही तिने पूर्वी पाहिली होती. नऊ वर्षांपूर्वी मालकाचे वरचे चार दात गेले तेव्हा त्याची छोटी कवळी तिनेच केली होती, याच गाठीला वळसा घालून.

साचा हातात धरून ती खुर्चीवर बसली. नऊ महिने जे मागितलं ते देवाने प्लास्टरमध्ये घालून तिच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. त्याचं तोंड तिच्या हातात.

जबडा मात्र तिला आठवत होता त्यापेक्षा थोडा अरुंद वाटला. तिने दोन वेळा मोजून पाहिला. मग स्वतःलाच समजावलं की सगळे दात गेले की हाड झिजतं, हे काय मला कुणी शिकवायला पाहिजे? नऊ वर्षांत झिजलं असेल. सत्तावीस वर्षांचा अनुभव असा कामाला आला. अनुभव नसता तर तिने फोन उचलून डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं. एका मिनिटाचं काम होतं.

टाळूला अशी गाठ असली की एक काळजी घ्यावी लागते. गाठीवरची कातडी कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ असते. म्हणून साच्यावर त्या जागी मऊ चंदेरी पत्रा चिकटवायचा आणि मग मसाला भरायचा. पत्र्याच्या जाडीएवढी फट राहते आणि कवळी गाठीला टेकत नाही. पत्रा लावला नाही तर कवळी दिसायला तशीच दिसते, डॉक्टरांनाही पहिल्या दिवशी कळत नाही. पण माणूस चावायला लागला की ती गाठीवर डुगडुगते आणि प्रत्येक घासाला तीच जागा चेपते. चार दिवसांत जखम होते. मग पाणीसुद्धा झोंबतं.

टिंबवालीने पत्र्याची गुंडाळी हातात घेतली, पाहिली आणि परत खणात ठेवून दिली.

बाकीची कवळी तिने जीव ओतून केली. दात असे लावले की बघत राहावं. इतक्या आनंदाने तिने वर्षभरात काम केलं नव्हतं. ताईने आणून दिलेल्या सुरीनेच मेण कापलं. काम करता करता ती मनात मालकाला जेवायला बसवत होती. पहिला घास, दुसरा घास, आणि मग त्याने गालावर हात धरला. खा, म्हणत होती ती. खा अजून. बावीस वर्षं माझ्या जिवावर खाल्लंस ना?

शेवटी खूण करायची वेळ आली. सुई उचलली आणि हात अडला. या कवळीवर तीन टिंबं पाडायला तिचा हात होईना. खोट्या कामावर आपली खूण? तिने सुई खाली ठेवली आणि कवळी तशीच डबीत घातली. त्या क्षणी तिला कळायला हवं होतं. पण त्या दिवशी तिच्या आनंदाला कान नव्हते.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी उभी राहून ती पहिल्यांदाच म्हणाली, "देवा, उपकार झाले." आणि फुली जरा मोठी काढली.

आठ दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"अहो, त्या कवळीने टाळूला जखम झालीये. गाठ होती तिथे. पत्रा लावला होता ना?"

"लावला होता," टिंबवाली म्हणाली. खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मी दोनदा घासून दिली. तरी पेशंटला चावता येत नाही. आठ दिवस नुसतं पातळ पिऊन काढलेत. आता त्यांचं म्हणणं, कवळी करणाऱ्यांनाच भेटते. ओळखतात म्हणे तुम्हाला. पाठवू का?"

"पेशंट" म्हटलं की तिला मालकच दिसत होता, त्यापुढचं काही ऐकू येत नव्हतं. "पाठवा," ती म्हणाली. "अवश्य पाठवा."

दुसरा दिवस मंगळवार होता. सकाळी खोली झाडली, टेबल पुसलं, चांगले कपडे घातले. त्याने दारात उभं राहून काय म्हणावं आणि आपण काय उत्तर द्यायचं, सगळं पाठ केलं. पहिलं वाक्य होतं, "या मालक, हात राहिला नाही हो माझा." ते ती भांडी घासताना चार वेळा म्हणून पाहत होती.

बाहेरच्या खोलीतून वडिलांनी हाक मारली, "कुणीतरी आलंय गं."

दारात ताई उभी होती.

तोंडावर रुमाल धरलेला. गाल आत गेलेले, ओठ आत ओढलेले, आणि वर्षभरात दहा वर्षांनी म्हातारी झालेली. दुसऱ्या हातात डबी. टिंबवाली तिच्या मागे पाहत राहिली, कुणी गाडीतून उतरतंय का, कुणी पायऱ्या चढतंय का. मागे कुणी नव्हतं.

"आत येऊ का?" ताईने विचारलं. दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत होते. "तुला त्रास द्यायला आले बघ."

ती खुर्चीवर बसली, डबी टेबलावर ठेवली आणि तिने सुरीकडे पाहिलं. चेहरा एकदम उजळला.

"अजून तीच वापरतेस?"

टिंबवालीने मान हलवली.

"दात हलायला लागले तेव्हा भाऊ म्हणाला, आपल्याच लॅबची करू," ताई सांगू लागली. "मी म्हटलं, नाही. पहिल्यांदाच त्याला नाही म्हटलं, बासष्ट वर्षांत. शोधत शोधत त्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, तू त्यांचं काम करतेस कळलं म्हणून. त्यांना म्हटलं, हिच्याच हातची पाहिजे." तिने रुमालाने तोंड पुसलं. रुमालावर लाल डाग होता. "भाऊ रोज हसतो. म्हणतो, घे, तुझ्या टिंबवालीची कवळी. मी त्याला सांगितलं, चूक माझ्या तोंडाची असेल, तिच्या हाताची नाही."

बाहेरच्या खोलीत वडील खाकरले. टिंबवालीला त्या क्षणी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं वाटलं. जमिनीला कुठे तिची पर्वा होती.

"ताई, तोंड उघडा," ती म्हणाली.

गाठ तीच होती. लांबट, मागे दुभंगलेली. भावाची आणि बहिणीची एकच गाठ, एकाच आईकडून आलेली. फक्त तिच्यावर आता बोटाच्या पेराएवढी लालभडक जखम होती. सत्तावीस वर्षांत तिने कवळीने झालेली जखम डोळ्यांनी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती.

"ताई," ती म्हणाली, "पत्रा मीच लावला नाही. मुद्दाम. मला वाटलं, त्याचं तोंड आहे."

ताईने हळूच तोंड मिटलं. डबी उघडून तिने कवळी बाहेर काढली आणि उलटी केली.

"मी आधी टिंबं शोधली होती," ती म्हणाली. "भावाच्या नाकासमोर धरायची होती मला. एवढ्याचसाठी केला होता सगळा हट्ट. सापडली नाहीत. मला वाटलं, त्याने तुला एवढं दुखवलंय की तू खूण करणंच सोडलंस. त्यावर रडले मी एक दिवस. तुझ्यासाठी." तिने कवळी टेबलावर ठेवली. "त्याने वाईट कवळीवर तुझी टिंबं लावली. तू वाईट कवळी केलीस आणि टिंबं काढून घेतलीस. आता तूच सांग, मी दोघांमध्ये फरक कसा करू?"



"दुसरी कर," ताई उठत म्हणाली. "पत्रा लावून. आणि टिंबं घालून. टिंबांशिवाय मी हात लावणार नाही." दारापर्यंत गेली आणि न वळता म्हणाली, "सुरी द्यायला धावले होते त्या दिवशी माझी चप्पल तुटली होती. अनवाणी परत गेले." असं का सांगितलं, ते तिचं तिलाच माहीत. टिंबवालीला मात्र ते वाक्य जखमेपेक्षा जास्त लागलं.

ती गेल्यावर टिंबवाली वडिलांसमोर येऊन धपकन बसली. म्हाताऱ्याने सगळं ऐकलं होतं, लपवायचं काही नव्हतं.

"देवाने फसवलं मला," ती म्हणाली.

"देवाने? पाकिटावर आडनाव होतं, नाव नव्हतं. असलं पत्र आलं की आम्ही विचारून यायचो दारावर. तू विचारलंस?"

"नाही."

"मग त्याच्यावर कशाला खापर फोडतेस?"

ती चिडून काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिचं लक्ष त्यांच्या जबड्याकडे गेलं. म्हातारा बिस्कीट चघळत होता. डावीकडून. नेहमी डावीकडूनच. वर्षानुवर्षं ती हे बघत आली होती आणि तिने कधी बघितलंच नव्हतं.

"बाबा, उजवीकडे लागते का ती?"

"लागते."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस," म्हातारा म्हणाला आणि बिस्किटाचा उरलेला तुकडा चहात बुडवला. "आणि मला डावी बाजू होती की."

त्या दिवशी फुली मारायला तिने लाल पेन्सिल उचलली आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवशीही. खिडकीशी उभी राहायची, पण तोंडातून शब्द निघायचा नाही. कुठल्या तोंडाने मागायचं? नऊ महिने ती ज्या देवाला "त्याला रडव" म्हणत होती त्याच्यासमोर आता तिचाच पेशंट उभा होता, रुमालावर रक्त घेऊन. राग गेला होता म्हणावं तर तसंही नाही. मालकाचं नाव निघालं की अजून दातओठ खायची. पण राग कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

ताईची दुसरी कवळी तिने तीन आठवड्यांत केली, आधी जखम भरू दिली आणि मग माप घेतलं. या वेळी माप घ्यायला स्वतः दवाखान्यात जाऊन उभी राहिली, डॉक्टरीणबाईंना पत्र्याबद्दलचं खोटंही सांगून टाकलं. "पुन्हा झालं तर दार बंद," बाई एवढंच म्हणाल्या. कवळी बसली. ताईने तिथेच पर्समधून सफरचंद काढलं आणि करकचून चावलं. मग कवळी काढली, उलटी केली, टिंबांवरून बोट फिरवलं. मधलं टिंब थोडं खाली. तिने मान हलवली आणि गेली. माफ केलं असं म्हणाली नाही. टिंबवालीनेही विचारलं नाही.

त्यानंतर त्या घरात काय झालं ते टिंबवालीला ताईकडूनच कळलं. कवळी कशी बसलीये ते दाखवायला आली होती. ताई आता जेवताना भावासमोर बसते आणि मुद्दाम कडक पदार्थ खाते. जेवण झालं की कवळी धुऊन काचेच्या ग्लासात ठेवते, त्याच्या ताटाच्या बरोबर समोर, टिंबं त्याच्या बाजूला करून. बोलत काहीच नाही. आणि भावाचेही उरलेले दात गेलेत, त्याच्याच लॅबने त्याला दोन कवळ्या करून दिल्यात, दोन्ही त्या गाठीवर डुगडुगतात. "पत्रा कसा लावायचा ते तिथे आता कुणाला नीट येत नाही," ताई म्हणाली. "येत होतं ती एकच होती." आणि पहिल्यांदाच ती टिंबवालीकडे बघून हसली. नवे दात दाखवून.

शेवटच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडून ठसा आला. आडनाव तेच. वय बासष्ट.

टिंबवालीने प्लास्टर ओतायच्या आधी फोन उचलला.

"बाई की पुरुष?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुरुष. कोण करणार आहे ते त्यांना माहीत आहे. पण त्यांचं नाव तुम्हाला सांगू नका, अशी विनंती केलीये. तुम्हाला करायची नसेल तर तसं सांगा, मी दुसरीकडे देईन."

"करते," टिंबवाली म्हणाली.

फोन ठेवून ती खिडकीशी गेली. बऱ्याच दिवसांनी आवाज फुटला. "म्हणजे मागत होते तेव्हा दिलं नाहीस, आणि मागणं सोडलं तर घरपोच?" ती देवाला म्हणाली. "तुलाही गंमत सुचते." वर्षभरात तिला इतकं कळलं होतं की देवाला यादी देऊन कामाला लावता येत नाही, आणि आपल्या मनासारखं काही समोर आलं की ते त्यानेच पाठवलं असं धरून चालायचं नाही. दारावर जाऊन विचारायचं. हे तिने कबूल केलं. पण दुसरं एक होतं, तेही तिने लपवलं नाही. "मी त्याला माफ केलेलं नाही. करेन असं वाटतही नाही. तुझ्याशी खोटं बोलून काय उपयोग? हे घे, असं आहे."

मग तिने खणातून चंदेरी पत्रा काढला.

गाठीच्या कडेकडेने असा बसवला की हवासुद्धा शिरू नये. दात लावले. मसाला पूर्ण वेळ उकळला, घड्याळ समोर ठेवून. टाळूवर कवळीची जाडी जेवढी हवी तेवढीच ठेवली, एक केसभरही जास्त नाही. आणि खूण तिने मागच्या कडेला केली नाही. समोरच्या दातांच्या मागे, जिथे माणसाची जीभ उठल्यापासून झोपेपर्यंत टेकलेली असते, तिथे सुईने तीन टिंबं पाडली. खोल, गुळगुळीत, अजिबात न टोचणारी. मधलं थोडं खाली.

वडील मागे येऊन उभे राहिले होते. चष्मा वर करून त्यांनी पाहिलं.

"घासून टाकेल तो."

"घासली तर तिथे तडकेल. जाडी बेताची ठेवलीये. त्याला कळतं ते, कामातला आहे."

"मग मसाल्याने भरून टाकेल."

"नवा मसाला रंगाने वेगळा दिसतो. भरली तरी तीनच दिसतील."

म्हाताऱ्याने ओठ दाबले. "दुखणार नाही ना त्याला?"

"नाही. नीट जेवेल. सफरचंदसुद्धा खाईल." तिने कवळी डबीत ठेवली. "फक्त प्रत्येक घासाला जीभ तिथे जाईल. आणि बोलताना. आणि खोटं बोलताना."

ती कवळी दहा दिवसांपूर्वी गेली. तक्रार आली नाही. काल ताई आली होती. तिने सांगितलं की भाऊ आता व्यवस्थित जेवतो, फक्त मध्येच गप्प होतो आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी चाचपत बसतो. त्याने काही विचारलं का, असं टिंबवालीने विचारलं. नाही, ताई म्हणाली, पण परवा त्याने माझा ग्लास स्वतःच्या हाताने दूर सरकवला, आणि मग उठून परत जागेवर आणून ठेवला.

टिंबवालीने कॅलेंडरचं शेवटचं पान उलटलं. शेवटचा चौकोन कोरा होता. लाल पेन्सिल हाताशीच होती, पण ती घेतली नाही. कॅलेंडरची गुंडाळी करून तिने माळ्यावर टाकली, पाणी तापत ठेवलं आणि वडिलांना हाक मारली.

"बाबा, या इकडे. ती काढा तोंडातली. आज तुमचं माप घेतेय."